औषधाचा सातबारा

घरात गोळ्यांची एखादी पट्टी असेलच. ती जरा हातात घ्या आणि उलटी करून पाहा. चकचकीत बाजूवर बारीक अक्षरांची गर्दी दिसेल. औषधाचं नाव, त्यातला घटक किती मिलिग्रॅम, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, कुठे ठेवायचं, कुणाच्या सल्ल्याने घ्यायचं आणि कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक. यातलं आपण किंमत तेवढी पाहतो. फार तर मुदत.

ही बारीक अक्षरं आपोआप उमटत नाहीत. त्यातल्या एकेका आकड्यामागे कागदांचा ढीग असतो. तो ढीग जमवणारी, वाचणारी, एकमेकांशी ताडून पाहणारी आणि सरकारपुढे ठेवणारी माणसं असतात. औषध कंपन्यांत या खात्याला ‘रेग्युलेटरी अफेअर्स’ म्हणतात. मराठीत ‘औषध नियमन विभाग’ म्हणू या. तिथे काम करणारी मुलं मात्र सरळ ‘आर.ए.’ म्हणतात. या खात्यात नव्याने लागणाऱ्या मुलामुलींच्या पहिल्या काही पायऱ्यांविषयी आज बोलायचं आहे.

मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालेला. औषधांशी माझा संबंध पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळण्यापुरता. तरी हा विषय निवडला, त्याचं कारण आसनगाव स्टेशनात रोज सकाळी दिसतं. मुंबईपासून पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास असलेलं हे स्टेशन म्हणजे शहापूर तालुक्याचं दार. किन्हवली, डोळखांब, शेणवे अशा गावांतून माणसं एसटीने, जीपने, दुचाकीवर येतात आणि लोकल पकडतात. मुरबाडला रेल्वे अजून पोहोचलेली नाही, तिकडची मुलं कल्याणची वाट धरतात. या गर्दीत फार्मसी शिकलेली मुलंमुली आता बरीच दिसतात. पूर्वी फार्मसी म्हणजे मेडिकल स्टोअर, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. आता मुलगा सांगतो, ‘मी आर.ए.मध्ये ट्रेनी लागलो.’ वडील मान डोलावतात आणि शेजारी विचारलं की म्हणतात, ‘औषध कंपनीत कारकुनी करतो.’

या मुलांचे अर्ज वाचून देता देता, त्यांच्या इंग्रजीतल्या चुका काढता काढता मला या कामाची ओळख झाली. आणि कळलं ते असं, की ही कारकुनी खरी, पण माणसाच्या जिवाशी बांधलेली कारकुनी आहे.

तेच विष, पुन्हा पुन्हा

१९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. उपचार म्हणून त्यांना ग्लिसरॉल देण्यात आलं होतं. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं कारखान्यात वापरायचं विषारी रसायन होतं. दोन्ही पातळ, दोन्ही बिनरंगी, दोन्ही गोडसर. डोळ्यांना फरक कळत नाही, जिभेलाही कळत नाही. मूत्रपिंडांना कळतो, पण तोवर उशीर झालेला असतो. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. औषधाची खरेदी, त्याची तपासणी, परवाने आणि देखरेख यांत डोळेझाक कशी होत गेली, हे त्या चौकशीतून महाराष्ट्राला कळलं.

कायदा नव्हता का? होता. कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये देशातल्या औषधांची पाहणी केली. त्यानंतर १९४० साली औषधांचा कायदा आणि १९४५ साली त्याचे नियम झाले. कायद्याच्या पुस्तकात उणीव फार नव्हती. पुस्तकातला नियम आणि पिंपातला माल यांच्या मध्ये जो माणूस उभा राहायला हवा होता, तो उभा राहिला नाही.

हेच रसायन १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पातळ औषधात वापरलं गेलं आणि शंभरहून अधिक माणसं मेली. त्या धक्क्याने १९३८ साली अमेरिकेने नवा कायदा केला. २०२२ साली गांबिया या आफ्रिकी देशात साठहून अधिक बालकं दगावली. त्यामागे भारतात बनलेली खोकला-सर्दीची चार सिरपं असू शकतात, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला. पुढे जून २०२३ पासून खोकल्याचं सिरप निर्यात करण्याआधी सरकारमान्य प्रयोगशाळेतून तपासून घेणं आपल्याकडे सक्तीचं झालं. एवढं होऊनही २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात एका सिरपने वीसहून अधिक लहान मुलांचा जीव घेतला. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. सिरपच्या नमुन्यात हे रसायन ४८.६ टक्के निघालं. चालू शकणारी मर्यादा आहे ०.१ टक्का.

म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांत विष बदललेलं नाही आणि ते ओळखण्याची रीतही माहीत आहे. प्रश्न एवढाच उरतो, की कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाबरोबर आलेला तपासणीचा दाखला कुणी वाचला का? त्यात या रसायनाची ओळ आहे की गाळली आहे, हे कुणी पाहिलं का? हे पाहण्याची पहिली जबाबदारी कारखान्याच्या प्रयोगशाळेची. पण औषधाची कागदपत्रं सरकारकडे जाण्यापूर्वी ती ओळ शोधणारा दुसरा डोळा आर.ए. खात्यातल्या एखाद्या नवख्या मुलीचा असतो.

सात, बारा आणि फेरफार

ही कागदपत्रं म्हणजे नेमकं काय, हे शहापूर-मुरबाडच्या माणसाला समजावणं सोपं आहे. आपल्याकडे जमिनीची माणसं सातबाऱ्यावर जगतात. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते लिहिलेलं असतं, बारामध्ये तिच्यात काय पिकतं ते आणि मालक बदलला, वारस लागले की फेरफाराची नोंद होते. समृद्धी महामार्गासाठी जमिनी गेल्या तेव्हा कागदावरच्या एका नावाची किंमत काय असते, ते तालुक्यातल्या घराघरांनी पाहिलं.

औषधाचाही असाच सातबारा असतो. त्याला ‘डोसियर’ म्हणतात. औषध कुणी बनवलं, कुठे बनवलं, त्यात काय काय घातलं, कच्चा माल कुणाकडून आणला, तपासला कसा, किती महिने टिकतं, माणसाच्या शरीरात गेल्यावर काय करतं, हे सगळं त्यात असतं. पूर्वी प्रत्येक देशाची मांडणी निराळी होती. २००० साली युरोप, अमेरिका आणि जपान यांनी मिळून एक सामाईक मांडणी ठरवली. तिचे पाच भाग. पहिल्या भागात त्या त्या देशाचे अर्ज, परवाने, लेबलं. दुसऱ्यात सारांश. तिसऱ्यात औषध कसं बनतं आणि त्याचा दर्जा कसा राखला जातो ते. चौथ्यात प्राण्यांवरचे आणि प्रयोगशाळेतले अभ्यास. पाचव्यात माणसांवरच्या चाचण्या. आता बहुतेक मोठ्या देशांत हे सगळं संगणकावरच दाखल होतं.

ते वाचणारं सरकारही एक नसतं. आपल्याकडे नव्या औषधाला परवानगी दिल्लीची केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्था देते, तर कारखान्याला परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. बाहेर पाठवायचं तर अमेरिकेची, युरोपची, ब्राझीलची, प्रत्येकाची निराळी यंत्रणा. या सर्वांशी कंपनीच्या वतीने बोलणारं खातं म्हणजे आर.ए.

पहिली पायरी : ट्रेनी

समजा, डोळखांबकडची एक मुलगी बी.फार्म. झाली. बारावी शास्त्र, मग सामाईक प्रवेश परीक्षा, मग चार वर्षांची पदवी. काही जण पुढे दोन वर्षं एम.फार्म. करतात. त्यात औषध नियमन हाच खास विषय घेण्याचीही सोय आहे. रसायनशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. झालेल्यांनाही काही कंपन्या घेतात. ही मुलगी ठाण्याला किंवा मुंबईला एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागते. हा काळ साधारण सहा महिने ते वर्षभराचा.

पहिल्या दिवशी तिच्या हातात एक यादी येते. अमुक औषध तमुक देशात पाठवायचं आहे, त्यासाठी हे साठ-सत्तर कागद हवेत. मग ती प्रयोगशाळेकडे जाते, उत्पादनाकडे जाते, खरेदी खात्याकडे जाते, गोदामाकडे जाते. कुणी कागद लगेच देतो, कुणी चार फेऱ्या मारायला लावतो. आलेला कागद स्कॅन करायचा, त्याला नीट नाव द्यायचं, संगणकातल्या फायलीत योग्य पानाशी जोडायचा. काही देशांसाठी दाखला नोटरीकडून, मग परराष्ट्र खात्याकडून, मग त्या देशाच्या वकिलातीतून साक्षांकित करून आणायचा. यातलं काहीच शूर वाटत नाही.

पण याच पायरीवर एक सवय लागते, ताडून पाहण्याची. एका कागदावर गोळी ‘पांढरी, गोल’ आहे, दुसऱ्यावर ‘फिकट पिवळसर’. कोणती खरी? बॅच बनली बारा तारखेला आणि तिच्या तपासणीचा अहवाल दहा तारखेचा. बाळ जन्मायच्या आधीच जन्मदाखला कसा निघाला? अशी विसंगती तिने पकडली तर दहा मिनिटांचं काम असतं. तिच्या हातून सुटली आणि परदेशी अधिकाऱ्याने पकडली, तर परवानगी महिनोन् महिने लांबते. कुणीच पकडली नाही, तर काय होतं ते वर सांगून झालं आहे.

एक उदाहरण आपल्या घरांतलं देतो. कॅप्सूलचं आवरण कशाचं, हा प्रश्न आमच्यासारख्या मुसलमान घरात विचारला जातो, तसा जैन शेजाऱ्याच्या घरातही विचारला जातो. आवरण पुष्कळदा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. वनस्पतींपासून बनवलेली आवरणंही मिळतात. आपल्याला हा श्रद्धेचा प्रश्न वाटतो, पण परदेशी सरकारं तो वेगळ्या कारणाने विचारतात. गुरांच्या ‘मॅड काउ’ रोगाची भीती पसरल्यापासून जिलेटिन कोणत्या प्राण्याचं, कोणत्या देशातलं, याचं लेखी निवेदन पुरवठादाराकडून मागितलं जातं. ते मिळवून फायलीत लावण्याचं काम बहुधा ट्रेनीचंच.

दुसरी पायरी : ऑफिसर किंवा एक्झिक्युटिव्ह

वर्षभराने आपली मुलगी ऑफिसर होते. काही कंपन्या याच पायरीला एक्झिक्युटिव्ह म्हणतात. साधारण दोन-तीन वर्षं ती इथे राहते. आता नुसते कागद जमवायचे नाहीत, डोसियरमधला मजकूर लिहायचा. सुरुवात बहुधा तुलनेने सोप्या मांडणीच्या देशांपासून होते. अमेरिका-युरोपची कामं नंतर हाताशी येतात.

तिच्यापुढे टिकाऊपणाचे तक्ते येतात. औषधावर ‘दोन वर्षं मुदत’ असं कंपनी मनाने छापू शकत नाही. औषध कपाटासारख्या बंद यंत्रांत ठेवून ठरावीक महिन्यांनी तपासावं लागतं. त्यातल्या एका कसोटीत चाळीस अंश उष्णता आणि पंच्याहत्तर टक्के आर्द्रता असते आणि औषध त्यात सहा महिने राहतं. मे महिन्यात मुरबाडच्या एखाद्या पत्र्याच्या दुकानात उभं राहून पाहा, म्हणजे ही कसोटी कशासाठी ते कळेल. या तक्त्यांतला प्रत्येक आकडा मूळ अहवालाशी जुळतो ना आणि आकडे हळूहळू घसरत तर नाहीत ना, हे तिने पाहायचं.

लेबल तपासण्याचं कामही इथेच येतं. कंपन्यांत त्याला ‘आर्टवर्क’ म्हणतात. ०.५ मिलिग्रॅममधला टिंब छपाईत पुसला गेला तर ते ५ वाचलं जाईल आणि रोग्याला दसपट औषध जाईल. कवितेत स्वल्पविराम हलला तर अर्थ हलतो, हे मला ठाऊक होतं. टिंबाने जीव जाऊ शकतो, हे या मुलांनी शिकवलं.

तिसरी पायरी : सीनिअर

तीन-चार वर्षांच्या अनुभवानंतर नावापुढे ‘सीनिअर’ लागतं. आता एखादं औषध किंवा एखादा देश पूर्ण तिच्याकडे असतो. सरकारकडून प्रश्न येतात, त्यांना ‘क्वेरी’ म्हणतात. अमुक अशुद्धीची मर्यादा तुम्ही एवढीच का धरली? अमुक चाचणी कोणत्या पद्धतीने केली? मुदतीत उत्तर द्यायचं, पुराव्यासह द्यायचं आणि विचारलं तेवढंच द्यायचं. प्रयोगशाळेतल्या माणसाचं म्हणणं सरकारी अधिकाऱ्याला समजेल अशा भाषेत मांडणं ही इथली खरी विद्या.

दुसरं काम फेरफाराचं. कारखान्यात रोज काहीतरी बदलतं. नवं यंत्र येतं, कच्च्या मालाचा पुरवठादार बदलतो, बाटलीचं झाकण बदलतं. प्रत्येक बदल या मुलीच्या टेबलावर येतो. हा बदल नुसता नोंदवायचा, की सरकारला कळवायचा, की परवानगी मिळेपर्यंत थांबवायचा, याबद्दल तिचं मत विचारलं जातं. हे मत किती मोलाचं, ते २०१८ साली जगाला कळलं. रक्तदाबाच्या वॉल्सार्टन या औषधात कर्करोगाचा धोका वाढवू शकणारी अशुद्धी सापडली आणि अनेक देशांत गोळ्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या. शोध घेता दिसलं, की चीनमधल्या एका उत्पादकाने काही वर्षं आधी औषध बनवण्याच्या पद्धतीत बदल केला होता. त्या बदलातून ही अशुद्धी जन्मली होती आणि ती शोधायची कुणाला सुचलंच नव्हतं.

याच्या पुढची पायरी असिस्टंट मॅनेजरची. सहा-आठ वर्षांच्या अनुभवाने माणूस तिथे पोहोचतो. तिथून पुढे औषध आधी कोणत्या देशात न्यायचं, कोणता अर्ज केव्हा करायचा, हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. नवशिकेपण तिथे संपतं.

पाटीवरचं नाव आणि हातातलं काम

आता पालकांसाठी एक गोष्ट. या पायऱ्यांची नावं सगळीकडे सारखी नाहीत. एका कंपनीत ऑफिसर खाली आणि एक्झिक्युटिव्ह वर, तर दुसरीकडे थेट एक्झिक्युटिव्हपासून सुरुवात. परदेशी कंपन्यांत ‘असोसिएट’, ‘स्पेशालिस्ट’ अशी निराळीच नावं. पाच माणसांच्या छोट्या सल्लागार कचेरीत दोन वर्षांत ‘मॅनेजर’चं कार्ड छापून मिळतं आणि मोठ्या कंपनीत सहा वर्षं झाली तरी मुलगी ‘सीनिअर एक्झिक्युटिव्ह’च असते. तिला कमी येतं असा त्याचा अर्थ नाही. लग्नाच्या बैठकीत पदाचं नाव विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मुलांनी पगाराबरोबर चार प्रश्न जरूर विचारावेत. मला कोणत्या देशांची कामं मिळतील? मी मजकूर लिहीन, की फक्त फायली जोडीन? माझं काम कोण तपासेल? आणि कारखाना व प्रयोगशाळा मला पाहायला मिळेल का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. वर्षानुवर्षं संगणकावर पानं जोडणारा पण गोळी दाबणारं यंत्र कधीच न पाहिलेला माणूस कागद वाचतो खरा, पण कागदामागचं वाचू शकत नाही. काही जागी तीन-तीन वर्षं केवळ पानं जोडण्याचंच काम दिलं जातं. पहिलं वर्ष ते शिकण्यासारखं असतं. दुसऱ्या वर्षी मजकुराचं काम मागून घ्यावं आणि तिसऱ्या वर्षीही मिळालं नाही तर दुसरीकडे पाहावं.

सरकारी बाजूलाही अशीच शिडी आहे. फार्मसीचे पदवीधर महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत औषध निरीक्षक होऊ शकतात. त्यावर सहायक आयुक्त, सहआयुक्त अशा पायऱ्या आहेत. केंद्रातल्या निरीक्षकांची निवड संघ लोकसेवा आयोग करतो. कंपनीतला मुलगा सातबारा लिहितो आणि निरीक्षक शेतात जाऊन बांध मोजतो, असं समजा. दोघांचं शिक्षण एकच. आपल्या भागातल्या मुलांनी ही वाटही डोळ्यांसमोर ठेवावी. जाहिरातीतल्या पात्रतेच्या आणि अनुभवाच्या अटी मात्र बारकाईने वाचाव्यात. तेवढं बारकाईने वाचता येणं हीच या धंद्याची पहिली परीक्षा.

‘हे जुळत नाही’ म्हणण्याची हिंमत

आता मूळ मुद्द्यावर येतो. खालच्या पायरीवरच्या मुलाला विसंगती दिसते, पण ती सांगायची कुणाला आणि कशी? साहेब घाईत असतात. आज रात्री फाईल गेलीच पाहिजे, असं वरून आलेलं असतं. एखादा सांगतो, ‘तारीख तेवढी मागची टाक, कोण पाहतंय?’ गावाकडून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकलेल्या, फीचं कर्ज डोक्यावर असलेल्या मुलाला ‘नाही’ म्हणणं जड जातं. त्याच्या हिमतीची खरी कसोटी इथे लागते.

रॅनबॅक्सीचं उदाहरण सगळ्या जगापुढे आहे. या कंपनीने वेगवेगळ्या देशांच्या सरकारांना दिलेल्या माहितीत आकडे खरे नाहीत, असं २००४ च्या सुमारास तिथे काम करणाऱ्या दिनेश ठाकूर यांना दिसून आलं. त्यांनी नोकरी सोडली आणि अमेरिकी यंत्रणेला कळवलं. मे २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि पन्नास कोटी डॉलर मोजले. भारतीय औषधं म्हणजे स्वस्त आणि चांगली, हे नाव कमवायला पिढ्या लागल्या होत्या. खोट्या तक्त्यांनी त्यालाच डाग लावला.

नोंद प्रामाणिक माणसाला कशी वाचवते, त्याचंही एक उदाहरण मुंबईतलं आहे. वाल्देमार हाफकिन परळच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस बनवत. आज ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच दिवशी १०७ जणांना ही लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन. हाफकिन यांनी लस बनवण्याच्या रीतीत बदल केला होता, कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णता वापरली होती. दोष त्या बदलावर ठेवला गेला आणि त्यांना पदावरून जावं लागलं. पण बाटलीला क्रमांक होता आणि कुणाला कुठली बाटली टोचली याची नोंद होती. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुराव्यात आलं. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. क्रमांक नसता, नोंद नसती, तर एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या माथ्यावर एकोणीस मृत्यू कायमचे राहिले असते.

म्हणून या मुलांना तीन नियम पहिल्याच महिन्यात शिकवले जातात. जे केलं ते केलं त्याच वेळी लिहायचं. दुसऱ्याच्या नावाने सही करायची नाही. आणि चूक झाली तर खोडायची, पण एकच रेघ मारून, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, आपली सही, तारीख आणि कारण. आम्ही कवी लोक ओळ पसंत पडली नाही तर पान फाडून टाकतो, वाचकाला पत्ता लागत नाही. औषधाच्या वहीत खोडलेलंही जपून ठेवावं लागतं. लिहिण्याची ही शिस्त मला फार आवडली.

विसंगती सांगायचीही एक रीत आहे. तोंडी कुजबुजायचं नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवायचे आणि साध्या वाक्यात लिहून विचारायचं : ‘सर, पान बारावर अमुक आहे, पान चाळीसवर तमुक आहे. कोणतं बरोबर धरू?’ यात आरोप नाही, उद्धटपणा नाही, पण विचारल्याची नोंद राहते. चांगला साहेब अशा मुलाला जवळ करतो. वारंवार गप्प बसवणारी जागा असेल, तर पायरी कितीही वरची मिळत असली तरी ती सोडणं शहाणपणाचं.

इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या मुलांना एवढंच सांगेन, की या कामाला अलंकारिक इंग्रजी लागत नाही. छोटी, सरळ, एकच अर्थ निघेल अशी वाक्यं लागतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला ती सहा महिन्यांच्या सरावाने येतात. बारकाईने वाचण्याची सवय मात्र नोकरी लागल्यावर येत नाही, ती कॉलेजातच लावून घ्यावी लागते. रोज एका औषधासोबतची घडीची चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, हा त्याचा सगळ्यात स्वस्त अभ्यास.

आणि पालकांना विनंती. मुलगी रात्री साडेनऊला आसनगावला उतरून घरी येते, तेव्हा ‘प्रमोशन कधी?’ हा प्रश्न रोज विचारू नका. पायऱ्या आपल्या वेळेने येतात. जेवायला वाढताना कधीतरी विचारा, ‘आज काय जुळलं नाही गं?’ ती सांगू लागेल. ऐकता ऐकता तुम्हालाही कळेल, की आपली पोर नुसती कारकुनी करत नाही. दूर कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी तापलेल्या लेकराच्या तोंडाशी जो चमचा जाणार आहे, त्यावर ती पहारा देते आहे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)